‘कास्तकार’ लिहिणारं आमच्या गावचं साप्ताहिक

दुधनाकाठ

दिवाळीत गावी गेलो होतो. यंदाच्या पावसात माळवद गळालं, म्हणून वरच्या खोलीतला सगळा पसारा अंगणात काढावा लागला. वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी, लग्नातल्या शालूच्या फडक्यात गुंडाळलेले, गावच्या साप्ताहिकाचे बावीस अंक सापडले. चार पानी, शिळ्या भाकरीसारखे. घडीवर बोट ठेवलं की तुकडा हातात.

गाव परभणी जिल्ह्यातलं, मनमाड-काचीगुडा लाईनवरचं. गावाचं आणि साप्ताहिकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. संपादकांच्या घरच्यांना अजून विचारलेलं नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना दोन-चार ओळींत कळेलच. संपादकांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. छापखाना मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, तोंडाशी, वर पत्रे, आत एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन. शुक्रवारी अंक. मुंबई-पुण्याची दैनिकं आमच्याकडे दुसऱ्या दिवशी रेल्वेने यायची, त्यामुळे ‘कालचा पेपर आला का’ असंच विचारायची पद्धत होती. अण्णांचा अंक मात्र आठ दिवसांचा जुना असला तरी ताजा, कारण त्यात आमची नावं असायची.

सगळ्यात जुना अंक बाहत्तरच्या दुष्काळातला. पहिल्या पानावर खडी फोडायच्या कामावरची मजुरी आठ-आठ दिवस थकल्याची बातमी, खाली मजुरांना वाटायच्या सुकडीत (कोरड्या खाऊत) अळ्या निघाल्याची. शेवटचा अंक 1 ऑक्टोबर 1993 चा. किल्लारीचा भूकंप झाला 30 सप्टेंबरच्या पहाटे, म्हणजे गुरुवारी. आतल्या पानावर ‘श्री विसर्जन शांततेत पार’ अशी निवांत बातमी आणि पहिल्या पानावर तळहाताएवढ्या अक्षरांत एकच शब्द: भूकंप. इतकी मोठी अक्षरं बाकी एकाही अंकात नाहीत.

मधल्या अंकांत काय आहे? सरकी आणि तुरीचे भाव. हरवलेली बैलजोडी, शिंगांच्या वर्णनासह. नगरपालिकेच्या नळाला तेरा दिवसांनी पाणी. ‘अमक्या आडत दुकानाशी आमचा आता संबंध राहिला नाही.’ अर्धं पान जाहीर नोटिसा. मी आधी बातम्या वाचल्या, मग अग्रलेख, आणि शेवटी रात्री दोन वाजता नोटिसाच वाचत बसलो होतो. कोणाची वाटणी कधी झाली, कोणाची विहीर कोणाच्या बांधात होती, कोणी मुलाला बेदखल केलं, गावाचा सगळा इतिहास तिथेच.

एक गोष्ट मला फार भावली. बहुतेक अंकांत ‘शेतकऱ्यांना’ असं कुठेच नाही, सगळीकडे ‘कास्तकारांना’. पुण्या-मुंबईच्या छापील मराठीपुढे न झुकता आपल्या मातीतला, निजामाच्या काळापासून तोंडात रुळलेला शब्द अण्णांनी वीस वर्षं धरून ठेवला. याच्यावर एक छोटा लेख लिहायचा विचार आहे.

दोन प्रश्न. एक, हे साप्ताहिक नेमकं कशाने बंद पडलं? माझा अंदाज, टीव्ही आणि मोठ्या दैनिकांची जिल्हा पानं. दोन, बावीस अंकांत मे महिन्याचा फक्त एक अंक आहे, आणि त्यातल्या बातम्या मी आधीच्या फेब्रुवारीच्या अंकात जशाच्या तशा वाचल्या आहेत. हा काय प्रकार?

मोंढ्यातला

गाव ओळखलं. अण्णांना पाहिलंय. सायकलच्या कॅरियरला अंकांचा गठ्ठा, धोतराचा सोगा चेनमध्ये जाऊ नये म्हणून खोचलेला. आमच्या आडतीवर अंक यायचा त्यावर जांभळा शिक्का, ‘आपली वर्गणी संपली आहे’. माझ्या जन्माआधीपासून संपलेली होती म्हणे. आजोबा शिक्का बघून म्हणायचे, ‘अण्णा, गाडीभर सरकी गेली की देतो.’ दरवर्षी सरकी जायची.

आडवा_तास

धागा छान, पण ‘आपल्या मातीतला संपादक’ वगैरे वाचून थोडं हसू आलं. ट्रंकेतले अंक पुन्हा एकदा चाळा आणि साखर कारखान्याच्या विरोधात एक ओळ सापडते का बघा. उसाचं बिल थकलं की आमच्या गावात बैठका व्हायच्या, शिव्या व्हायच्या, अण्णांच्या अंकात मात्र ‘चेअरमन साहेबांचा वाढदिवस उत्साहात’. सर्वसाधारण सभेची नोटीस अर्धं पान असायची ना, त्याचा हिशेब होता तो. तालुक्याच्या साप्ताहिकांना उगाच डोक्यावर घेऊ नये.

दुधनाकाठ

@आडवा_तास, पाहिलं. नाही सापडली. सुकडीतल्या अळ्या आहेत, तहसीलदारांना चांगलं झोडपलंय, रेशनच्या रॉकेलवर तीन अंक आहेत. कारखान्यावर काही नाही. वाढदिवस दोन आहेत.

पोथीनिष्ठ

थोडी पार्श्वभूमी, कारण तालुक्याची साप्ताहिकं हवेतून पडली नाहीत.

हैदराबाद संस्थानात आपण पाच जिल्ह्यांचे मराठी लोक, राज्यकारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षण उर्दूत. मराठी वर्तमानपत्र काढायचं म्हणजे सरकारची मर्जी सांभाळायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक काढलं त्यावर निजाम सरकारने बंदी घातली, तर ते नावं बदलून बदलून अंक काढत राहिले. पोलिस ॲक्शननंतर, 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मोकळं झालं आणि मग तालुक्या-तालुक्यात ज्याच्याकडे चार खिळे (छपाईची सुटी अक्षरं) आणि थोडी हिंमत होती त्याने साप्ताहिक काढलं. त्यातले बरेच जण मुक्तिसंग्रामात सीमेवरच्या कॅम्पांत राहून आलेले, नाहीतर शाळामास्तर. पुढे ‘मराठवाडा’ अनंत भालेरावांच्या हाताखाली औरंगाबादेत वाढला, दैनिक झाला. आणि आता तोही नाही. ज्या पेपरला पाहून बाकीच्यांनी पेपर काढले तोच टिकला नाही, तर तालुक्याचं काय घेऊन बसलात.

‘लोकमत’ औरंगाबादेत आला 1982 ला. त्यानंतर जिल्ह्याच्या बातमीसाठी आठ दिवस थांबायची गरज उरली नाही, हे धागाकर्त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण तुमचं साप्ताहिक तर त्याच्यानंतरही अकरा वर्षं चाललंय. म्हणजे कारण दुसरं काहीतरी असणार.

कोर्टाच्या_पायरीवर

नोटिसांवर कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो. तीस वर्षं वकिली केली, या नोटिसा मीच लिहून द्यायचो.

प्रतिवादी सापडत नसेल, समन्स बजावता येत नसेल, तर कोर्ट पेपरात नोटीस द्यायला लावतं. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 5, रूल 20. पूर्वी अशा नोटिसा तालुक्याच्या साप्ताहिकाला मिळायच्या आणि तेच त्याचं दूधदुभतं. 1976 च्या दुरुस्तीत एक पोटनियम वाढला: पेपर ‘दैनिक’ पाहिजे. 1977 च्या फेब्रुवारीपासून लागू. एका शब्दाने साप्ताहिकांच्या तोंडचा घास गेला. जमीन खरेदीआधी आम्ही वकील जी जाहीर नोटीस देतो ती राहिली, नाव बदल राहिले, नगरपालिकेच्या निविदा राहिल्या. कोर्टाचं गेलं ते गेलंच. आणीबाणीत पेपरांचं काय झालं यावर पुष्कळ लिहिलं जातं, हे मात्र कोणाच्या लक्षात नाही.

आता तुमच्या मेच्या अंकाचं. तेव्हाच्या 1867 च्या प्रेस कायद्यात असं होतं की साप्ताहिकाने तीन महिन्यांत ठरल्यापेक्षा निम्म्याहून कमी अंक काढले तर त्याचं डिक्लरेशन (पेपर काढायचं घोषणापत्र) रद्द, पुन्हा मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहा. म्हणून लोक ‘फाईल अंक’ काढायचे. जुनाच मजकूर, वर तारीख नवी, पंचवीस-तीस प्रती. एक माहिती खात्याला, एक पोस्टात, बाकी रद्दी. तुमच्या वडिलांकडे आलाय तो फाईल अंक. पण मेमध्येच का, हे मला सांगता येणार नाही.

माहेरवाशीण

बाई गं, हा धागा कुठून वर आला! मी त्याच गावची. मॅट्रिकच्या निकालाला अण्णा खास अंक काढायचे, पास झालेल्यांची नावं शाळेवार. 1979 ला मी पास झाले. ‘कु. मंदा’ असं छापायचं होतं, दा चा काना गळाला. ‘कु. मंद’. आणि पुढे ‘प्रथम श्रेणी’. माझे तिन्ही भाऊ आजही राखी बांधताना मला मंद म्हणतात. सासरी कळू दिलं नव्हतं, आता इथे लिहून बसले.

अंक अजून आहे का कोणाकडे? मला पाहिजे.

खिळा

नमस्कार. माह्या भाच्यानं लिंक पाठवली. मी इथं कधी लिहीत नाही, चूकभूल माफ करा.

अण्णाच्या प्रेसमदी कंपोझिटर होते ते माहे वडील. बावन्न सालापासून खिळे जुळवले, शेवटच्या अंकापातूर. मी शाळेतून आलो की खिळे सोडाया बसायचो. सोडणं म्हंजी छापून झालं की रॉकेलनं फर्मा, म्हंजी जुळवून बांधलेलं पान, धुवायचा आन् एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. मराठीला इंग्रजीसारखे सव्वीस खण नसतेत. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काने, मात्रे, सगळं धरून शेकड्यात जातेत. चुकीच्या खणात खिळा टाकला की वडील काही बोलायचे नाहीत, फकस्त माह्याकडं बघायचे.

सगळे पेपर पेपर म्हणायलेत. पण प्रेस पेपरवर चालतच नव्हती. प्रेस चालायची लग्नपत्रिकेवर. पेपर ही अण्णाची हौस होती, आन् ती लग्नपत्रिकेच्या पैशावर फिटायची. एकच ट्रेडल, एकच कंपोझिटर. चैत्रापासून ज्येष्ठापातूर लग्नसराई. पत्रिकेचं काम रोख, वरतून पेढे. तव्हा पेपरला कोण बसतंय? म्हणून मे महिन्यात अंक नाही. वकील साहेबानं सांगितलं ते खरं हाय, फेब्रुवारीतला एखादा फर्मा तसाच बांधून ठेवायचो, तारखेची ओळ तेवढी बदलायची. आमाला डिक्लरेशन वगैरे ठाऊक नव्हतं, अण्णा म्हणायचे ‘फायलीचा काढ’.

आता तुमच्या कास्तकाराचं. वाईट वाटून घेऊ नका. ‘शेतकऱ्यांना’ मदला अर्धा र, चंद्रकोरीसारका, त्याचे खिळे आमच्याकडं संपले होते. झिजले, काही तुटले. खिळे ओतायच्या फाउंड्रीतून अख्खा फाँट मागवावा तर पैसा नाही. जे सात-आठ चांगले उरले ते वडिलांनी काड्याच्या पेटीत घालून वेगळे ठेवले होते, कारण लग्नपत्रिकेत ‘वऱ्हाडी मंडळी’ लागतं. वऱ्हाडात खोट चालत नाही. बातमीत एका पानावर वीसदा शेतकऱ्यांना, शेतकऱ्यांनी, कुठून आणावं? म्हणून वडील म्हणले, अण्णा, कास्तकार लिवा.

भूकंपाच्या अंकाचं सांगतो. गुरुवारी पहाटं सगळं गाव हादरून उठलं, भांडे पडले. अंक बुधवारीच जुळवून तयार होता, गणपतीच्या बातमीसगट. अण्णा सकाळी आले आन् म्हणले पहिल्या पानाचा फर्मा सोड. रेडिओला कान लावून बातमी लिवली. मथळ्याला मोठा टाईप नव्हता, मंग टुरिंग टॉकीजच्या पोस्टरचे लाकडी अक्षरं होते त्यातून ‘भूकंप’ जुळवलं. म्हणून तेवढं मोठं.

पेपर बंद पडला तो टीव्हीनं नाही. परभणी-जालन्याकडं ऑफसेट आलं, कंप्युटरवर गणपती रंगीत यायला लागला. पहिले शहाण्यासुरत्या घरच्या पत्रिका गेल्या, मंग सगळ्याच. दोन लग्नसराया कोरड्या गेल्या आन् अण्णानं कुलूप घातलं. कारखान्याचं म्हणायले ते बी खरं हाय. पण एक सांगतो, कारखान्याच्या जाहिरातीचे पैसे आठ-आठ महिने यायचे नाहीत. नवरीच्या बापानं कधी उधारी ठेवली नाही.

खिळे किलोवर गेले. शिसं असतंय ते, भंगारवाला खुशीत नेतो.

आडवा_तास

@खिळा, दंडवत. माझा प्रतिसाद तसाच राहू द्या, पण दंडवत.

पोथीनिष्ठ

म्हणजे ‘मातीतला शब्द’ वगैरे काही नाही, सात-आठ खिळ्यांचा प्रश्न होता. दुधनाकाठ, तुमचा लेख बुडाला की हो!

दुधनाकाठ

दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण खरोखर चेहरा पडला होता. मग बावीसच्या बावीस अंक जमिनीवर पसरून बसलो.

खिळा म्हणतात ते बरोबर आहे. बाहत्तरच्या दोन अंकांत ‘शेतकऱ्यांना’ स्वच्छ छापलेलं आहे, पहिल्या वाचनात माझ्या डोळ्यांतून निसटलं. चौऱ्याहत्तरच्या अंकात एकाच बातमीत दोनदा ‘शेतकऱ्यांना’ आणि एकदा नुसतं ‘शेतकरयांना’, तिथे खिळा कमी पडलेला दिसतोच. त्यानंतर कास्तकार.

पण एक अडतंय. ‘शेतकरी’ एकवचनात लिहायला तो अर्धा र लागत नाही. साधे खिळे पुरतात. ऐंशीनंतरच्या अंकांत शेतकरी संघटनेच्या बातम्या आहेत, तिथे ‘शेतकरी’ हा शब्द बिनदिक्कत छापलाय. आणि त्याच बातमीत पुढच्या ओळीला ‘एक कास्तकार उठून म्हणाला’. तिथे ‘एक शेतकरी’ सहज जुळला असता. म्हणजे सुरुवात खिळ्याने झाली असेल, पुढे अण्णांना तो शब्द आवडायला लागला असणार. निदान सवय झाली असणार. मला एवढंही चालेल.

मोंढ्यातला

बोलताना अण्णा कास्तकारच म्हणायचे. आमच्याकडे आजही आडतीवर कोणी शेतकरी म्हणत नाही. शेतकरी हा भाषणातला शब्द. हे मुद्दाम कशाला करायला पाहिजे, उलट ‘शेतकरी’ लिहिणंच मुद्दाम केलेलं असायचं.

निवृत्त_ग्रंथपाल

भांडण मिटलं असेल तर कामाचं बोलते.

१. अंकांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आम्ल वाढतं, कागद मोडतो. प्लास्टिकमध्ये कोंडलं तर आतल्या आत तेच चालू राहतं, आणि पुन्हा सोडवता येत नाही.

२. घड्या उघडून सपाट ठेवा, अंकांच्या मध्ये आम्लरहित कागद. नाही मिळाला तर धुतलेलं पांढरं सुती कापड. डांबराच्या गोळ्या अंकांना चिकटून नकोत. शालूचं फडकं वडिलांनी बरोबर निवडलं होतं.

३. आधी फोटो. मोबाईल चालेल, पण उभा वरून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता. मुद्रक-प्रकाशकाची शेवटची ओळ प्रत्येक अंकाची घ्या. मार्चच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म नंबर 4’ छापलेला असतो, त्यात मालक, मुद्रक, संपादक सगळे येतात. पेपरचा इतिहास लिहायला त्याहून भरवशाचा कागद नाही.

आणखी एक. 1954 च्या कायद्याने पुस्तकाची आणि 1956 पासून वर्तमानपत्राचीही प्रत ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवणं प्रकाशकावर बंधनकारक होतं. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईत टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय दोन्हीकडे पत्र टाका. तालुक्याच्या किती साप्ताहिकांनी नेमाने पाठवल्या हा भाग वेगळा, पण ‘फायलीचे’ अंक पाठवणारा माणूस असले टपालही टाकत असेल.

कोर्टाच्या_पायरीवर

ग्रंथपाल बाईंशी सहमत. अवांतर: गावातल्या जुन्या वकिलांच्या घरी जा. दाव्याच्या फाईलला नोटीस छापलेला अख्खा अंक जोडायची पद्धत होती, कात्रण कोर्टात चालायचं नाही. माझ्याच माळ्यावर निदान तीस तरी असतील. कुठे जाळायचे म्हणून ठेवलेत.

दुधनाकाठ

@कोर्टाच्या_पायरीवर, जाळू नका! व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

@खिळा, पौषात, लग्नतिथी नसतात तेव्हा, गावी येतोय. वडिलांना भेटता येईल का? आणि ट्रेडलचं काय झालं?

खिळा

या की. ट्रेडल जागच्या जागी हाय, तिला उचलायला कोणी तयार नाही, वजनच तेवढं हाय. प्रेसच्या जागी आता माहं मोटार रिवायंडिंगचं दुकान. केसच्या खणात नट, बोल्ट, वायसर. खण तेवढे कामाला आले.

वडलांचं वय झालंय, दिसायला कमी, पण डोस्कं साफ. काल रात्री हा सगळा धागा वाचून दाखवला. कास्तकारावर काहीच बोलले नाहीत, नुसते हसले. काड्याची पेटी अजून त्यांच्या पेटीत हाय, ती काढून दाखवली. सातच निघाले.

मंदाताईचं मात्र दोनदा वाचायला लावलं. म्हणले लिहून टाक, काना मी लावला होता. फर्मा बांधताना गळाला असंल, आन् प्रूफ त्या दिवशी अण्णानं तपासलं होतं, मी नाही.